डबलसीट, लांबचा पल्ला

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर. १७ हजार चौरस किलोमीटरांहून जास्त पसारा, १४ तालुके. अकोल्याच्या घाटघरहून जामखेडला जायचं म्हटलं तर जिल्ह्याबाहेर पाऊल न टाकता अख्खा दिवस मोडतो. रेल्वे मोजक्या गावांतून जाते, एस.टी. प्रत्येक वाडीवर वेळेत येतेच असं नाही. त्यामुळे इथे लांबचा प्रवास मोटारसायकलवर करण्याची सवय जुनी आहे आणि गाडीवर बहुतेक वेळा दोघं असतात. शिर्डी, शिंगणापूर, मोहटा, सिद्धटेक ही जवळची ठिकाणं झाली. तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोटपर्यंतही नवरा-बायको गाडीवरच जातात. अलीकडे दोघांनी मिळून गोवा, हंपी, कन्याकुमारी किंवा थेट लडाख गाठायचं वेडही नगर, संगमनेर, श्रीरामपूरकडच्या तरुण जोडप्यांत दिसू लागलंय. मला हे वेड मनापासून आवडतं, आणि म्हणूनच त्याविषयी नीट बोलायला हवं असं वाटतं.

माझं म्हणणं असं आहे की डबलसीट प्रवासात दिवसाला किती किलोमीटर जायचं, किती वेगाने जायचं आणि कुठे थांबायचं, हे मागे बसलेल्या माणसाने ठरवावं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. हँडल ज्याच्या हातात, त्याचा शब्द चालतो. मागची व्यक्ती, आणि ती बहुधा बायको, आई किंवा बहीण असते, मुकाट्याने बसून राहते. पेट्रोलपंपावर गाडी थांबली की मग हळूच म्हणते, "अहो, पायाला मुंग्या आल्यात, उतरता येईना." तोवर ८०-९० किलोमीटर झालेले असतात आणि त्या शरीराची सहनशक्ती कधीच संपलेली असते. मागच्या माणसाचं का ऐकायचं, याची कारणं गाडीत आहेत आणि शरीरातही.

दुचाकीशी नगरचं नातं नुसतं चालवण्यापुरतं नाही. १९७२ साली बाजारात आलेली लूना ही कायनेटिक इंजिनिअरिंगची, म्हणजे नगरच्या फिरोदिया कुटुंबाची गाडी. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या चाओ या मोपेडवरून ती घडली. तिचं इंजिन अवघं ५० सीसीचं, आणि तरीही कितीतरी मास्तर, पोस्टमन आणि छोटे दुकानदार तिच्यावर बायकोला मागे बसवून तालुक्याच्या गावाला गेले. नगरहून संभाजीनगरकडे निघालं की वाळूजला बजाजचा कारखाना लागतो. तो १९८५ पासून दुचाक्या बनवतोय. आणि नगरजवळच संरक्षण संशोधन संस्थेची वाहनांची प्रयोगशाळा आहे, व्हीआरडीई. लष्करी वाहनांसाठी ती प्रसिद्ध आहेच, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६ व्या नियमानुसार नागरी वाहनांची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांतही तिचं नाव आहे. गाडीने किती भार वाहावा, किती अंतरात थांबावं, हे ज्या चाचण्यांवर ठरतं, त्यांचे पथ आपल्याच जिल्ह्यात आहेत. तरीही गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतलं भाराचं पान उघडून पाहणारा माणूस क्वचितच भेटतो.

ते पान का पाहायचं, त्यासाठी साधा हिशेब मांडू. गाडी १८० किलोची, चालवणारा ७० किलोचा, मिळून २५० किलो. मागे ६० किलोचं माणूस आणि २० किलोचं सामान आलं की ३३० किलो झाले. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश वजन वाढलं. त्याच वेगाला गाडीतली गतिज ऊर्जाही तितकीच वाढते आणि ती सगळी ब्रेकना उष्णतेत बदलावी लागते. शिवाय हे वाढीव वजन गाडीवर सारखं पसरत नाही. चालवणारा दोन चाकांच्या मध्ये बसतो, त्याचा भार दोन्हीकडे वाटला जातो. मागची व्यक्ती जवळपास मागच्या आसावरच बसते आणि तिचा भार जवळजवळ सगळा मागच्या चाकावर जातो. त्याच्याही मागे कॅरिअरला पिशव्या बांधल्या की त्या तरफेसारख्या काम करतात, मागचं दाबतात आणि पुढचं उचलतात. मग हँडल हलकं लागतं, वळणावर गाडी बाहेर जाऊ पाहते आणि रात्री हेडलाइटचा झोत वर चढून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. समोरचा डिपर मारत राहतो, आपल्याला वाटतं तोच उद्धट आहे.

यावरचे उपाय फुकटातले आहेत. मागच्या चाकात हवा वाढवायची. एकट्यासाठी वेगळा आकडा असतो, दोघांसाठी वेगळा. तो पुस्तिकेत आणि बऱ्याच गाड्यांत चेनकव्हर किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर छापलेला असतो. पंपावर हवा भरणारा पोरगा सगळ्यांना एकच आकडा भरतो, त्याला आपण सांगायला हवं. हवा निघण्यापूर्वी, टायर गार असताना पाहायची. पन्नास किलोमीटर पळालेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि माणूस फसतो.

दुसरी गोष्ट मागच्या शॉकअपची. दोन शॉकअपच्या गाडीत प्रत्येकाच्या तळाशी पायऱ्या कापलेली एक गोल कडी असते. टूलकिटमधला हुकासारखा वाकडा पाना त्या कडीच्या खाचेत अडकवून फिरवला की ती पुढच्या पायरीवर खट्कन बसते आणि स्प्रिंग थोडी आवळली जाते. दोन्ही बाजूंना पायरी सारखीच ठेवायची. पाच मिनिटांचं काम आहे. गॅरेजवाल्याला सांगितलं तर तो चहा येईपर्यंत करून देतो. पण कारखान्यातून गाडी ज्या पायरीवर आली त्याच पायरीवर दहा-दहा वर्षं चालवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्या कडीवर गंज चढून ती जागची हलत नाही, इतकी. स्प्रिंग सैल राहिली की दोघांच्या वजनाने ती आधीच निम्मी दबलेली असते, आणि गतिरोधक आला की उरलेली संपून लोखंडावर लोखंड आदळतं. तो दणका सरळ मागच्या माणसाच्या माकडहाडात जातो. शॉकअप आवळला की हेडलाइटचा झोतही बराचसा खाली येतो. तेवढ्याने भागलं नाही तर फोकस वेगळा सेट करून घ्यावा.

चेनकडेही लक्ष द्यायचं. मागचं चाक भाराने वर सरकत जातं तेव्हा एका टप्प्यावर चेन सर्वांत जास्त ताणली जाते. गाडी स्टँडवर उभी करून चेन टाइट केली, की एकट्याला ती ठीक वाटते, पण दोघं बसले की तिची ओढाताण होऊन स्प्रॉकेट आणि बेअरिंग झिजतात. म्हणून पुस्तिकेत दिलेली ढील ठेवायचीच, आणि दोघं बसल्यावर तिसऱ्याला खाली वाकून एकदा चेन हलवून पाहायला सांगायचं.

आता मागच्या माणसाकडे येऊ. त्याची अवस्था चालवणाऱ्याला कळत नाही, कारण दोघांना मिळणारा रस्ताच वेगळा असतो. पुढच्याला खड्डा दिसतो. तो हात सैल करतो, पायांवर थोडा उठतो, अंगाची तयारी करतो. मागच्याला समोर फक्त पाठ दिसते. खड्डा त्याला कळतो तो बसल्यावरच. स्नायू तयार नसताना आलेला धक्का मणक्यांतल्या चकत्या झेलतात. त्यात गुडघे जास्त दुमडलेले, कारण मागचे फूटरेस्ट उंच असतात. काही जुन्या गाड्यांत तर हे फूटरेस्ट स्विंगआर्मलाच जोडलेले असत, म्हणजे चाक जेवढं नाचेल तेवढे पायही नाचत. पकडायला मागचं हँडल किंवा पुढच्याची कंबर. वाऱ्याचा मारा पुढच्याची पाठ अडवते खरी, पण तिच्या कडेने येणारे भोवरे हेल्मेटभोवती घोंघावत राहतात. अशा बैठकीत पाऊण तास सुखाने जातो. एक तास सहन होतो. पुढचा प्रत्येक किलोमीटर मागच्या दोन किलोमीटरांइतका लांब वाटतो. म्हणून थांबण्याचं गणित पेट्रोलच्या टाकीवरून न करता या बैठकीवरून करायचं. तासाला एकदा उतरायचं, पाच-दहा मिनिटं चालायचं, पोटऱ्या ताणायच्या, पाणी प्यायचं.

बसण्याच्या पद्धतीबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. साडी नेसून एका बाजूला पाय टाकून बसणं गावातल्या गावात ठीक असेल, लांबच्या प्रवासात ते धोक्याचं आहे. सगळा भार गाडीच्या मध्यरेषेच्या डावीकडे कलतो आणि चालवणारा नकळत उजवीकडे वजन देत राहतो. कंबरेला कायमचा पीळ पडतो. मांड्यांनी सीट धरता येत नाही, त्यामुळे जोरात ब्रेक लागला की शरीर बाजूला घसरतं. साडीचा पदर आणि ओढणी चाकात किंवा चेनमध्ये ओढली जाण्याचा धोका वेगळाच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने मागच्यासाठी हँडल, फूटरेस्ट आणि मागचं चाक निम्म्याहून कमी नाही इतकं झाकणारं आवरण सक्तीचं केलंय, ते याच अनुभवातून. साडीगार्ड जुनाट दिसतं म्हणून काढून टाकणाऱ्या पोरांनी एवढं लक्षात घ्यावं. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायला पॅन्ट किंवा सलवार सोयीची, ओढणी मात्र घरी ठेवावी किंवा जाकिटाच्या आत खोचावी. ज्यांना साडीच हवी त्यांच्यासाठी आपल्याकडे जुनी सोय आहेच. काष्ट्याची नऊवारी दोन्ही पाय मोकळे ठेवते. पुण्याच्या रमिला लटपटे २०२३ साली नऊवारी नेसूनच मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाल्या. त्या एकट्याने गाडी चालवत होत्या, पण कपड्याचा मुद्दा मागे बसणारीलाही तितकाच लागू आहे.

गाडीवर चढण्या-उतरण्याची रीत ठरलेली असावी. पुढचा आधी बसतो, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवतो, स्टँड काढतो, पुढचा ब्रेक दाबून धरतो. मागची व्यक्ती विचारते, "बसू का?" हो म्हटल्यावरच डाव्या फूटरेस्टवर पाय आणि पुढच्याच्या खांद्यावर हात. बसून झालं की "चला." उतरतानाही तसंच. सामानाने भरलेली गाडी उभ्या जागी पडते ती बहुतेक याच दोन क्षणी, एकाने न सांगता पाय टाकला म्हणून.

ब्रेकचं गणित समजून घेण्यासारखं आहे. गाडी गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या दराने मंदावत असेल, म्हणजे बऱ्यापैकी जोरात ब्रेक लावला असेल, तर ६० किलोची व्यक्ती सुमारे ३० किलो वजनाच्या जोराने पुढे ढकलली जाते. तिने काही धरलेलं नसेल तर हे ३० किलो चालवणाऱ्याच्या पाठीवर आणि तिथून त्याच्या मनगटांवर येतात. नेमक्या त्याच क्षणी त्याला हँडल हलकं आणि हात मोकळे हवे असतात. म्हणून मागच्याने एक हात मागच्या हँडलला आणि एक पुढच्याच्या कंबरेला ठेवावा, आणि ब्रेक लागताना गुडघे आवळून मांड्यांनी जोर घ्यावा. चालवणाऱ्याने मागच्या ब्रेकचा वापर वाढवावा. दोघं असताना मागच्या चाकावर भार जास्त असतो, ते चटकन घसरत नाही, त्यामुळे एकट्याने चालवताना कमी उपयोगाचा वाटणारा मागचा ब्रेक इथे खरोखर कामाला येतो. हेल्मेटला हेल्मेट टकटक आपटू लागलं तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक तर ब्रेक आणि गिअर धसमुसळेपणाने पडतायत, नाहीतर मागच्याला डुलकी लागलीय. दुसरं असेल तर लगेच थांबायचं. झोपलेलं शरीर गाडीबरोबर कलत नाही.

वळणावर मागच्याने स्वतःहून काही करायचं नसतं. ज्या बाजूला वळण, त्या बाजूच्या पुढच्याच्या खांद्यावरून पुढे पाहायचं. डोकं तिकडे गेलं की अंग आपोआप योग्य तेवढं कलतं. भीतीने उलट्या बाजूला ताठ होणं हे सर्वांत वाईट. करंजीचा घाट, इमामपूरचा घाट, संगमनेरच्या अलीकडचा चंदनापुरीचा घाट, हे सगळे ही सवय लावून घ्यायला चांगले आहेत. ती लागल्यावरच कल्याणच्या रस्त्याने माळशेज उतरावा, आणि पावसाळ्यात तर माळशेजला दोघांनी गाडीवर जाऊच नये असं माझं मत आहे. नगरला रिमझिम असते तेव्हा तिकडे दरडीखालून पाण्याचे लोट येत असतात.

इथल्या रस्त्यांची स्वतःची संकटं आहेत आणि त्यांत पहिलं नाव उसाचं. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून हा जिल्हा कारखान्यांचा. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू होतो तो उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. त्या काळात राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, नेवासा, श्रीगोंदा, संगमनेर अशा कुठल्याही रस्त्यावर एकामागे दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर डुलत चाललेले असतात. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर बाहेर आलेल्या उसाखाली झाकलेला. रात्री हेडलाइटच्या उजेडात आधी काळोखच दाट झाल्यासारखा वाटतो, मग अचानक वाड्यांची हिरवी-पिवळी भिंत समोर उभी राहते. भरलेल्या गाडीला अशा वेळी थांबायला जागा जास्त लागते आणि पुढे काढायला वेळही जास्त लागतो. ट्रॅक्टर आणि दोन ट्रेलर मिळून पंधरा-वीस मीटर लांबी होते. एकट्याने सहज काढली असती तिथे दोघांच्या गाडीला आधीच एक गिअर खाली टाकून, समोर भरपूर मोकळा रस्ता दिसला तरच निघावं लागतं. ट्रॅक्टरमागे वीस मिनिटं जाणं परवडतं. रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या कांड्यांवरून टायर गेला तर त्या फिरतात आणि गाडी बाजूला सरकते, म्हणून कांड्या दिसल्या की ब्रेक न लावता सरळ, हळू निघून जायचं. खचलेली साइडपट्टी हे दुसरं संकट. समोरच्याला जागा द्यायला खाली उतरलेली जड गाडी पुन्हा वर घेताना टायर डांबराच्या कडेला घासतो आणि गाडी आडवी होते. वेग पार कमी करून, मोठा कोन करूनच वर चढायचं.

वाऱ्याचाही विचार करावा लागतो. सुप्याच्या परिसरातल्या डोंगरावर पवनचक्क्या उभारल्या आहेत त्या तिथला वारा मोजूनच. नगर-पुणे रस्त्यावर त्या भागात बाजूने येणारा झोत दोन माणसं आणि उंच बांधलेलं सामान यांच्या मोठ्या आडव्या पृष्ठभागावर आदळतो, आणि पुढचं चाक आधीच हलकं झालेलं असतं. सामान खाली, दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या सॅडलबॅगांत आणि टाकीवरच्या पिशवीत ठेवायचं. मागच्याच्या पाठीवर भरलेली सॅक कधीच नको. ती त्याच्या खांद्यांना दिवसभर मागे ओढत राहते. आणखी एक गोष्ट: आषाढीच्या आधी संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून नगर, मिरजगाव, करमाळा करत पंढरीला जाते. त्या दिवसांत हा रस्ता वारकऱ्यांचा. घाई असलेल्याने दुसरा धरावा.

समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून जातो. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा टप्पा खुला झाला, २०२५ च्या जूनमध्ये सगळा ७०१ किलोमीटरांचा रस्ता पूर्ण झाला. पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. नगरहून नागपूरला गाडीवर जायचं तर संभाजीनगर, जालना, मेहकर असा जुनाच रस्ता धरायचा, आणि दिवसाचं अंतर ठरवताना मोटारवाल्या नातेवाइकांचे तास ऐकायचे नाहीत.

अंतराच्या हव्यासाविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनचं नाव आपल्याकडच्या रायडर मंडळींत फार आदराने घेतलं जातं. तिची सॅडलसोर १००० ही सर्वांत परिचित कसोटी: २४ तासांत १ हजार मैल, म्हणजे १६०९ किलोमीटर. बन बर्नर १५०० मध्ये ३६ तासांत दीड हजार मैल. पेट्रोलच्या पावत्यांवरून अंतर आणि वेळ तपासली जाते, मागे बसून ते अंतर पूर्ण करणाऱ्यालाही प्रमाणपत्र मिळतं. ही माणसं कणखर असतात, त्यांची तयारी काटेकोर असते, हे मान्यच आहे. पण आपल्या रस्त्यांवर हा हिशेब मांडून पाहा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटारसायकलची कमाल वेगमर्यादा चौपदरी रस्त्यावर ताशी ८० आणि इतर रस्त्यांवर ६० किलोमीटर आहे. एक क्षणही न मंदावता ८० ने गेलं तरी १६०९ किलोमीटरांना २० तासांहून जास्त लागतात. उरलेल्या चार तासांहून कमी वेळात पेट्रोल, जेवण, लघवी, टोलची रांग, गावं, गतिरोधक आणि गुरं बसवायची. व्यवहारात याचा अर्थ एकच निघतो: वेगमर्यादा मोडायची आणि झोप सोडायची. एकट्याने हा जुगार खेळणं त्याचा त्याचा प्रश्न, असंही मी म्हणणार नाही, कारण रस्त्यावर इतरही असतात. मागे माणूस बसवून तर तो मुळीच खेळू नये.

झोपेचं गणित फार निर्दय आहे. ताशी ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर ५० मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. शरीराची जाग पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर दोन-तीन तास उतरणीला लागते. चहाने ती थोडी पुढे ढकलली जाते इतकंच. म्हणून उजाडल्यावर निघावं, दुपारी मोठी विश्रांती घ्यावी, दिवे लागणीच्या आत मुक्काम गाठावा. नगरहून मिरजगाव, करमाळा, टेंभुर्णीमार्गे सोलापूर आणि तिथून विजयपुराकडे, हा दोघांसाठी चांगला पहिला दिवस आहे. रस्ता बराचसा रुंद, घाट नाहीत, थांबायला गावं आहेत. हंपी दुसऱ्या दिवशी आरामात येते. दोघांनी दिवसाला ३०० ते ३५० किलोमीटर म्हणजे भरपूर झाले. ऑस्ट्रेलियातलं पीटर आणि के फॉरवूड हे जोडपं १९९६ साली एका हार्ले-डेविडसनवर डबलसीट निघालं आणि पुढच्या वर्षांत त्यांची ती एकच गाडी जगातल्या जवळपास सगळ्या देशांत फिरली. इतकं अंतर घाईने कापता येत नाही.

उन्हाळ्यात एक चूक सर्रास होते. नगर जिल्ह्यात एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीवर जातो आणि लोक बाह्या वर करून निघतात, वारा लागेल म्हणून. त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून गरम असली की वाऱ्याचा झोत शरीराला उलट तापवतो आणि घाम इतक्या झपाट्याने सुकवतो की पाणी कमी झालेलं कळतही नाही. अंग पूर्ण झाकावं, गळ्याला ओला सुती पंचा गुंडाळावा, आत सुती कपडा भिजवून घालावा आणि प्रत्येक थांब्यावर दोघांनीही पाणी प्यावं. मागे बसलेल्या बायका वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने पाणीच पीत नाहीत. हे मी वारंवार पाहिलंय आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. थांबे ठरवताना आधी हा प्रश्न सोडवा. मोठे पेट्रोलपंप, एस.टी. स्थानकं, देवस्थानांची भक्तनिवासं, चांगली हॉटेलं, असे थांबे निघण्यापूर्वीच मागच्या व्यक्तीने नकाशावर खुणा करून ठेवावेत आणि चालवणाऱ्याने ते पाळावेत.

बोलण्याची सोय हवी. आता हेल्मेटमध्ये बसणारे ब्लूटूथ संच मिळतात, ते चांगले आहेत. नसतील तर खुणा ठरवून घ्या. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब, आणि थांब म्हटलं की पुढच्या सुरक्षित जागी थांबायचंच, कारण विचारायचं नाही. पुढच्यानेही मोठा गतिरोधक किंवा खड्डा आला की "खड्डा!" असं ओरडावं. एवढ्या एका शब्दाने मागच्याचे स्नायू तयार होतात आणि मणका वाचतो.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं १२८ वं कलम चालकामागे एकाच व्यक्तीला, तेही पक्क्या सीटवर बसवायला परवानगी देतं. मध्ये लेकरू आणि मागे बायको ही आपल्याकडची नेहमीची बैठक त्यात बसत नाही. १२९ व्या कलमाने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, म्हणजे मागच्यालाही, हेल्मेट बंधनकारक आहे. चार वर्षांच्या आतल्या मुलासाठी चालकाला बांधलेला पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, असा नियम २०२३ पासून लागू आहे. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार अपघातांत गेले, असं केंद्र सरकारची आकडेवारी सांगते. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते.

नगर, संगमनेर किंवा श्रीरामपूरच्या बाजारात आयएसआयचा शिक्का असलेलं चांगलं हेल्मेट टायरच्या किमतीच्या आसपास मिळतं. या दिवाळीत दोघं निघणार असाल तर शॉकअप आणि हवेच्याही आधी दुसरं हेल्मेट घ्या, पहिल्याइतक्याच दर्जाचं. आणि दुकानात मागे बसणाऱ्यालाच घेऊन जा, माप त्याच्या डोक्याचं हवंय.